काठाची ओळ

मोजे घालून पानमळ्यात शिरता येतं की नाही, यावरून त्या रविवारी मळ्याच्या दारात अर्धा तास जुंपली होती. एकीकडं आमच्या महादेवरावांचा थोरला, मधुसूदन, मुक्काम रामदासपेठ, नागपूर. दुसरीकडं ताराबाई, बावीस वर्षं या मळ्यात राबणारी, कमरेवर पाण्याचा घडा. आणि मधे मी. भांडणात मी नेहमी मधेच असतो. तिथं कोणाची बाजू घ्यावी लागत नाही.

“मोजा कुठं चप्पल आहे?” मधुसूदन म्हणाला. “कापड आहे ते. धोतर चालते आत, मग मोजा काहून नाही चालत?”

“धोतर पायाखाली येत नाही, बापू,” ताराबाई म्हणाली. “ज्याच्यावर उभं राहून तुमी नागपूरहून आले, ते आत येत नाही.”

“अहो, बुटात होता तो!”

“मंग तो बुटाचा सोबती झाला. बुटाजवळच राहू द्या त्याले.”

पानमळ्यात पायताण न्यायचं नाही, हे आमच्या गावच्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. मधुसूदनलाही ठाऊक होतं, पण पंधरा वर्षांच्या ऑफिसानं त्याचे तळवे मऊ झाले होते आणि दारापुढचा मुरूम चैत्रातच तव्यासारखा तापला होता. शेवटी त्यानं मोजे काढले आणि चार उड्या मारून आत शिरला. ताराबाईनं हसू पदरात दाबलं. मी दाबलं नाही, कारण माझ्या तोंडाला पदर नाही.

माझं नाव कागदावर शरच्चंद्र, गावात शरद. रामटेकच्या बसस्टँडसमोर माझा पानठेला आहे, आणि गडाच्या पायथ्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात, या मळ्यात, माझी एक ओळ आहे. एकच.

आमचा मळा म्हणजे कुंपण एक आणि आत वेलींच्या अकरा ओळी. बाहेर उन्हाळ्यात ढेकूळ हातात धरवत नाही, बाभळीची सावलीसुद्धा चटके देते. पण तट्ट्याचं दार सारून आत पाऊल टाकलं की ओला गारवा, शेवरीच्या अंगावर चढलेल्या वेली, डोक्यावर गवताचं पातळ छत आणि हिरवा उजेड. जमीन सातबारावर महादेवरावांच्या एकट्याच्या नावे. ओळी मात्र नुसत्या शब्दावर वाटलेल्या, महादेवरावांच्या वडिलांच्या, म्हणजे मोठ्या बाबाजींच्या काळापासून. पाच ओळी महादेवरावांच्या, बाकीच्या आम्हा भाऊबंदांच्या.

पूर्वेला विहीर आणि आंब्याची झाडं, म्हणून तिकडं सुख आहे. पश्चिमेला उघडं माळरान. तिकडून येणारी झळ आधी पहिल्या ओळीवर आदळते. पहिल्या ओळीचं पान जाडं, लहान, कडेनं करपलेलं. ते स्वतः भाजतं तेव्हा आतली पानं कोवळी राहतात. अगदी मधली ती सहावी ओळ. तिचं पान जिभेवर ठेवलं की विरघळतं. लग्नाच्या विड्यांना माणसं तेच मागतात.

यावर मोठ्या बाबाजींनी एक चाल पाडून ठेवली होती. मळ्यात जो नवा येईल त्यानं काठाची, म्हणजे ही पहिली ओळ सांभाळायची, आणि आत कुठलीही ओळ रिकामी झाली की काठावरच्यानं तिच्यात जायचं. माझा आजाही काठावरच होता. त्याच्या नशिबानं रिकामी झाली ती नेमकी दुसरी ओळ. तीन पिढ्यांत आमचं घराणं एकच पाऊल सरकलं, पण सरकलं.

ताराबाई आली ती रोजीवर, आणि रोजीच्या जोडीला काठाची ओळ, असं ठरून. नंतर बावीस वर्षं मळ्यात नवा कोणी आला नाही आणि जुन्या कोणी ओळ सोडली नाही. हळूहळू लोक तिला काठाची ओळ म्हणायचे सोडून ‘गड्याची ओळ’ म्हणू लागले. चाल विसरली गेली. मीही विसरलो, कारण विसरणं सोयीचं होतं.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. नागपंचमीला आमच्याकडं वेलीची पूजा असते. प्रत्येक ओळवाला आपल्या ओळीचं एक पान पितळी ताटात ठेवतो. गड्याच्या ओळीचं पान कोणी मागत नाही. ओळी अकरा, ताटात पानं दहा. ताराबाई आदल्या दिवशी ते ताट चिंच लावून घासायची, पूजेनंतर पुन्हा घासायची, आणि मधल्या वेळात दाराशी उभी राहायची.

त्या साली गुढीपाडव्यानंतर सहाव्या ओळीचे किसनकाका गुडघ्यांनी हरले आणि लेकीकडं हुडकेश्वरला कायमचे राहायला गेले. सहावी ओळ रिकामी झाली.

मोज्यांचा निकाल लागल्यावर आम्ही सगळे त्या सहाव्या ओळीपाशीच उभे होतो. ताराबाईनं घडा खाली ठेवला.

“काकाजी,” ती महादेवरावांना म्हणाली, “किसनकाकाची ओळ खाली झाली जी.”

“हं,” महादेवराव म्हणाले.

“काठावरचा आत येते, असं मोठे बाबाजी म्हनत. काठावर मीच आहो ना जी?”

महादेवरावांनी कमरेची चंची सोडली, सावकाश पान लावलं आणि तोंडात कोंबलं. अडचणीचा प्रश्न आला की ते हेच करतात. तोंड भरलं की माणसाला बोलावं लागत नाही. गावच्या अर्ध्या भांडणांचा न्याय त्यांनी असाच केला आहे.

मधुसूदन म्हणाला, “ताराबाई, ती ओळ मी घेऊन राहिलो. दर संडेला येईन. दिवसभर एसीत बसून डोकं खराब होते. माणसानं मातीत हात घातले पाहिजे.”

“घाला ना बापू, कोन नाही म्हनते? पन नवा मानूस काठाले उभा राह्यते.”

“मी? मालकाचा पोरगा गड्याच्या ओळीत?” मधुसूदनला खरंच हसू आलं. “सातबारावर नाव कोणाचं आहे, माहीत आहे ना?”

“काकाजीचं. पन किसनकाकाचं कुठी होतं? शरदभाऊचं तरी कुठी आहे?”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी एका वेलीची गाठ फार बारकाईनं तपासायला लागलो. खरं म्हणजे त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. ती बोलत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पण कागद निघाला असता तर माझी ओळही शब्दावरच होती, आणि तो शब्द देणारे मोठे बाबाजी फोटोत जाऊन बसले होते.

“हे पाहा,” मधुसूदन म्हणाला, “तुमची ओळ तुमच्याजवळ आहे ना? तिचं तुम्ही काय पाहिजे ते करा. मधलीचं नाव काढू नका.”

“काय पायजे ते?”

“काय पाहिजे ते!”

“शरदभाऊ, आयकलं ना जी?”

मी मान हलवली. मान हलवायला काय जातं, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताराबाई वेळेवर आली. दुसऱ्या ओळीपासून अकराव्यापर्यंत पाणी दिलं, सुटलेल्या वेली बांधल्या, पानं खुडली, दार लावलं आणि घरी गेली. पहिल्या ओळीला पाणी नाही. रोज दुपारी पश्चिमेच्या तट्ट्यावर ती ओली पोती टाकायची, तीही टाकली नाहीत.

“काहून वं ताराबाई?” मी विचारलं. “पहिली ओळ कोरडी ठेवली?”

“सुट्टी देल्ली तिले,” ती म्हणाली. “बावीस वर्षांत एक दिवस नाही भेटली बिचारीले.”

“अन् पोती?”

“पोती मी माह्या ओळीसाठी टाकत होती जी. रोजीत कुठी होती पोती? विचारा काकाजीले.”

विचारलं. काकाजींच्या तोंडात पान होतं.

आठ दिवसांत पहिल्या ओळीची पानं पिवळी पडली, पंधरा दिवसांत खडखडीत वाळली. वैशाखाचं ऊन चढत होतं. आता माळावरून येणारी झळ सरळ दुसऱ्या ओळीला भिडली. दुसरी ओळ कोणाची, ते मी सांगितलंच आहे.

ठेल्यावर गिऱ्हाईकांच्या जिभा चालू झाल्या. मनसरच्या गाडीचा ड्रायव्हर रोज माझ्याकडं पान खातो. एक दिवस त्यानं विडा चावला, थांबला आणि म्हणाला, “काय गा शरदभाऊ, पान देऊन राहिला का पापड?” चार लोक हसले. गावात त्याहून वाईट. पारावरून कोणी तरी ओरडलं, “आता काठावर शरदभाऊ! गड्याची ओळ आता दुसरी झाली म्हना!” मळ्यातली आमची इज्जत एका पावलाची होती, तीही गेली.

घरी आमच्या शोभाताई वाटच पाहत होत्या. बायकोला मी ताई म्हणत नाही, पण सारं गाव म्हणतं आणि त्या रागात असल्या की माझ्याही तोंडून निघतं.

“त्या दिवशी तोंड काहून नाही उघडलं तुमी?” ती म्हणाली. “तुमच्या आजाची गोष्ट दर दिवाळीले सांगता. काठावरून आत आलो, काठावरून आत आलो. मंग ताराबाई काय कुंपनावरून उडी मारून आत येऊन राहिली होती का?”

“तूच जाऊन समजाव ना तिले. तुहं आयकते ते.”

शोभा भाजीचा डबा घेऊन गेली. तासाभरानं परत आली ती चांगली खुशीत.

“काय म्हनली?” मी विचारलं.

“ते कायले काही म्हनते? मीच म्हनली तिले, अजून आठ दिवस दम धर.”

मग मी स्वतः कंबर कसली. दुपारी बारा वाजता डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि विहिरीपासून पश्चिमेच्या तट्ट्यापर्यंत ओली पोती खांद्यावर. दोन दिवस मी पोती भिजवली. तिसऱ्या दिवशी लोकांना मलाच भिजवावं लागलं. आंब्याखाली पडल्यापडल्या माझ्या ध्यानात आलं, की ही बाई बावीस उन्हाळे हे रोज करत होती आणि आम्ही त्याला तिची ओळ म्हणत होतो. मला माझी लाज वाटली. खरंच वाटली.

माझी ओळ निम्मी वाळली तशी महादेवरावांची तिसरी कडेनं करपू लागली. फोन नागपूरला गेला. मधुसूदन शनिवारीच आला, हिरव्या जाळीचा भला मोठा गठ्ठा घेऊन. पश्चिमेला जाळी ताणून बांधली, तिच्यापुढं उभं राहून फोटो काढला. चार वाजता माळावर वावटळ उठली. जाळी सापडली ती दुसऱ्या दिवशी, गावातल्या एका लग्नाच्या मांडवावर. मांडववाल्यांनी आधीच खिळे मारले होते आणि वरात दारात होती, त्यामुळं परत मागता आली नाही.

पुढच्या रविवारी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला. मधुसूदन छोट्या टेम्पोतून उतरला आणि टेम्पोतून उतरला कूलर. लहानसहान नाही. माणूस उभा मावेल असा, तीन बाजूंनी खसच्या ताट्या लावलेला.

“डेझर्ट कूलर आहे,” तो म्हणाला. “आमचा पुरा हॉल थंडा करते.”

नागपूरच्या माणसाला मे महिन्यात कुठल्याही दुखण्यावर हाच इलाज सुचतो, आणि मी तरी वेगळा कुठं आहे? मीच पुढं होऊन विहिरीच्या मोटारीवरून वायर ओढली. कूलर वाळलेल्या पहिल्या ओळीपाशी उभा केला, तोंड आत, नेमकं सहाव्या ओळीच्या दिशेनं. पाणी भरायचं काम ताराबाईचं. तिनं वीस घडे विनातक्रार भरले, कारण ते रोजीत बसत होतं.

“बापू,” ती एवढंच म्हणाली, “वेलीले गारवा लागते. वारा सोसत नाही तिले.”

“गारवाच तर देऊन राहिलो!” मधुसूदननं बटण दाबलं.

भर्रर्र करून कूलर सुरू झाला. आहाहा, काय वारा! मी, मधुसूदन आणि टेम्पोवाला तिघंही त्याच्यापुढं उभे राहिलो आणि डोळे मिटले. बाजेवर बसूनच पाहू म्हणून मधुसूदननं बाज आणली. पाहता पाहता तो आडवा झाला आणि घोरू लागला. मीही झाडाला टेकलो. सुख कोणाला नको असतं?

जागा झालो तो ताराबाईच्या आवाजानं. “अवं माय! अवं माय, बंद करा ते!”

तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या ओळीच्या वेली गाठींतून सुटून लोंबत होत्या. कोवळे शेंडे मोडले होते. आणि सहाव्या ओळीची ती लग्नाची पानं फाटून जमिनीवर पसरली होती. ताराबाई धावत गेली, वायर ओढली आणि एकेक वेल हातात घेऊन शेवरीला टेकवू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिची नव्हती ती ओळ, तरी होतं.

तेवढ्यात महादेवराव आले. दारात जोडे काढले, आत आले, लोंबणाऱ्या वेली पाहिल्या, कूलर पाहिला, बाजेवर उठून बसलेला मुलगा पाहिला. मग ते पुन्हा दाराबाहेर गेले आणि तोंडातलं पान थुंकून आले. अडचणीच्या वेळी महादेवरावांचं तोंड रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं.

“तारे,” ते म्हणाले, “सहावी ओळ तुही आहे. ते आधीच तुही होती. मले माहीत होतं.”

“बाबा!” मधुसूदन म्हणाला. “आणि मी?”

“तू काठाले.”

“मी मालकाचा मुलगा आहे!”

“मी कोनाचा होतो?” महादेवराव म्हणाले. “माह्या बापानं मले दोन उन्हाळे या काठावर उभं केलं. पायाले फोड आले होते. सातबारा तवाही घरातच होता.”

“तुम्ही कधी सांगितलं नाही.”

“तोंडात पान होतं,” महादेवराव म्हणाले.

 हातातली वेल बांधून झाल्यावर ताराबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “एक गोष्ट आहे काकाजी. आजपासून गड्याची ओळ कोनी म्हनायचं नाही. काठाची ओळ म्हनायची.”

“बरं.”

“शरदभाऊ, आयकलं ना जी?”

“आयकलं वं बाई,” मी म्हणालो, आणि या वेळी नुसती मान नाही हलवली.

मग ती मधुसूदनला घेऊन पहिल्या ओळीत गेली. वाळल्या वेलींच्या बुडाशी गवत रचलेलं होतं. तिनं ते हातानं बाजूला केलं. खाली माती ओली होती आणि वेलीचं खोड हिरवं.

“रोज सांजेले एकेक लोटा टाकत होती,” ती म्हणाली. “पानं जाऊ देल्ली, जीव नाही जाऊ देल्ला. बावीस वर्षं माह्या भरवशावर उभी होती ते. फुटन बापू. पन पोती चुकवू नका.”

मधुसूदन उकिडवा बसला. माणूस वाईट नाही तो. मातीत हात घालायचे होते ना, ते त्यानं तिथंच घातले आणि गवत पुन्हा नीट रचून ठेवलं.

तेव्हापासून दर रविवारी तो येतो. मोजे नागपूरलाच ठेवून येतो. बाकीचे सहा दिवस पश्चिमेची पोती मी भिजवतो, कारण दुसरी ओळ कोणाची आहे हे मला आता चांगलं पाठ झालं आहे. कूलर आम्ही ठेल्यावर नेला. ड्रायव्हर लोक तिथून उठायला तयार नसतात.

नागपंचमीला आम्ही सगळे मळ्यात जमलो. मधुसूदन नवा झब्बा घालून आला होता, त्याची बायको मुग्धा मोबाईल घेऊन उभी. ताराबाई हिरवं लुगडं नेसून आली होती आणि पहिल्यांदाच दाराशी न थांबता आत, ताटाजवळ उभी होती. सहाव्या ओळीचं पान तिनं दोन्ही हातांनी ताटात ठेवलं.  शोभानं माझ्या दंडाला चिमटा काढला, तो तिला आनंद झाला म्हणून.

दहा पानं झाली. मधुसूदन काठाच्या ओळीत गेला. वेली फुटल्या होत्या, पण पान कसलं, अंगठ्याच्या नखाएवढं. त्यानं खुडायला हात घातला.

“नाही बापू,” ताराबाई म्हणाली. “फुटव्याचं पहिलं पान तोडत नसते. वेल रुसते.”

“मग माझं पान?”

 ओळी अकरा, ताटात पानं दहा. महादेवरावांचा हात चंचीकडं गेला आणि तिथंच थांबला. मधुसूदनचा चेहरा उतरला होता. बावीस वर्षं दाराशी असा चेहरा दर नागपंचमीला दिसत असणार, आम्ही कधी वळून पाहिलं नव्हतं.

ताराबाई सहाव्या ओळीत गेली. वेळ घेतला, चांगलं मोठं, डाग नसलेलं पान निवडलं, आणि आणून ताटात ठेवलं.

“हे मधूबापूच्या नावाचं,” ती म्हणाली.

पूजा झाली. प्रसाद वाटला. सगळे उठले, मुग्धानं मोबाईल पर्समध्ये टाकला, आणि कुंकवानं माखलेलं ताट तसंच राहिलं. सवयीनं आमचे सगळ्यांचे डोळे ताराबाईकडं वळले. तीही सवयीनं वाकली. मग सरळ झाली आणि पदर खोचत म्हणाली, “ताट काठावरचा घासते, बापू.”

मधुसूदननं वडिलांकडं पाहिलं. महादेवरावांनी घाईघाईनं पान तोंडात टाकलं. मग त्यानं झब्ब्याच्या बाह्या वर सारल्या, ताट उचललं आणि विहिरीकडं निघाला, अनवाणी. मागून ताराबाई सांगत होती, “चिंच तठीच कोनाड्यात आहे, अन् कडा नीट घासजा, कडेलेच जास्त काळं राह्यते.”